तांब्या जमला, पण चित्र का खटकतं?

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आल्या की डोंबिवलीतल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातली भांडी हॉलमध्ये मुक्कामाला येतात. तांब्या, किटली, काचेची बरणी, एखादं वांगं, दोन कांदे आणि मागे पडदा म्हणून आईची ओढणी. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. कला संचालनालयाच्या या परीक्षेत इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ जादा गुण, ब ला ५, क ला ३. त्यामुळे पालकही कुरकुर न करता भांडी काढून देतात.

वन-रूम-किचनची यात एक सोयच आहे. दिवसा उजेड येतो तो फक्त गॅलरीतून, एकाच बाजूने. छायाप्रकाश त्यामुळे आपोआप स्पष्ट दिसतो. ट्यूबलाइट लावली की सावल्या विरतात आणि तांब्या चपटा वाटू लागतो.

सरावाने तांब्या हुबेहूब येतो. काठाचं लंबवर्तुळ बरोबर, दोन्ही बाजू सारख्या. तरी चित्र खटकतं, आणि नेमकं काय खटकतं ते काढणाऱ्यालाच सांगता येत नाही. रेखाटताना सगळं लक्ष वस्तूंकडे असतं, कागदाकडे बघायचं राहूनच जातं. वस्तूंच्या मधली आणि भोवतालची रिकामी जागा हाही चित्रातला आकारच असतो. परीक्षेत वस्तूंचा गट आधीच मांडलेला असतो आणि बसायला मिळेल ती जागा घ्यावी लागते. एखाद्याला कांदा बरणीआडच दिसतो. पण तो गट कागदावर केवढा काढायचा, किती वर, किती डावीकडे, हे त्या मुलानेच ठरवायचं असतं. संयोजनाचा खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो, आणि क्लासमध्ये त्यावर सर्वांत कमी वेळ जातो.

स्वतःचं चित्र तपासायला परका डोळा हवा. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना चित्र आरशात बघायला सांगितलं होतं: उलटी प्रतिमा दुसऱ्या कोणाची तरी वाटते आणि दोष पटकन सापडतात. आज मोबाइलवर फोटो काढून तो उलटा करता येतो, कृष्णधवल करता येतो. मग लक्षात येतं, की बरणीची कड तांब्याच्या कडेला नुसती टेकली आहे, त्यामुळे पुढचं कोण आणि मागचं कोण ते कळत नाही. टेबलाची मागची रेघ नेमकी किटलीच्या झाकणाला चिकटून गेली आहे. सगळ्यात गडद सावली पडली आहे कागदाच्या कोपऱ्यात, नजर तिकडेच पळते.

हे नियम दगडावरची रेघ मात्र नव्हेत. सेझानच्या काही स्थिरचित्रांत कापडाच्या डावीकडची टेबलाची कड उजवीकडच्या कडेशी जुळतच नाही, आणि ते त्याने जाणूनबुजून केलं. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपमधले, एकेकाळी मोटारी धुणारे के. एच. आरा फुलदाणीने कागद भरून टाकत. उलट प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत घड्याळ, पान अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात एकेकट्या उभ्या असतात. १९९० साली आलेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्यांनी आपला चित्रविचार मराठीत मांडला. म्हणजे मोकळी जागा किती असावी याचं माप कोणी देऊ शकत नाही. ती ठरवून सोडली आहे की नुसती उरली आहे, एवढं मात्र विचारता येतं.

जुनी पाच-सहा रेखाटनं जमिनीवर शेजारी शेजारी मांडली की सवयीही उघड्या पडतात: प्रत्येक वेळी गट खाली घसरलेला, किंवा सगळ्यात उंच वस्तू दरवेळी बरोबर मधोमध. अशा चित्रावर पुठ्ठ्याच्या काटकोनी दोन पट्ट्या ठेवून चौकट लहान-मोठी करून बघावी. वरची पट्टी दोन बोटं खाली आणली तरी पुष्कळदा चित्र सावरतं. नव्या चित्राआधी काडेपेटीएवढ्या चौकटींत तीन-चार कच्च्या मांडण्या करून घ्याव्यात. त्यात पाच-दहा मिनिटं जातात आणि परीक्षेच्या वेळातही ती परवडतात.