हिरवा डायनासोर हटवल्यानंतर

डॉक्युसॉरस या माहिती-साइट बनवण्याच्या साधनावर पहिली साइट उभी करायला फार वेळ लागत नाही. एक कमांड चालवली की नमुना साइट तयार होते. मार्कडाउनमध्ये पान लिहून सेव्ह केलं की ते लगेच ब्राउझरमध्ये हजर. फेसबुकने (आताची मेटा) २०१७ मध्ये हे साधन सर्वांसाठी खुलं केलं. प्रत्येक ओपन सोर्स प्रकल्पाला माहितीपुस्तिकेसाठी नव्याने साइट बांधावी लागू नये, हा त्यामागचा हेतू.

एवढं जमल्यावर बरेचजण पहिला हात घालतात तो रंगाला. नमुना साइटवरचा स्लॅश नावाचा हिरवा डायनासोर जातो, आपला लोगो येतो आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र त्या रंगाशी काही देणंघेणं नसतं; त्याला उत्तर हवं असतं.

म्हणून आधी कॉन्फिग फाइल नीट वाचावी. त्यातला 'बेसयूआरएल' चुकला, तर आपल्या संगणकावर झकास चालणारी साइट गिटहब पेजेसवर गेल्यावर उघडीबोडकी दिसते, कारण स्टाइलच्या फाइल सापडतच नाहीत. तिथेच 'एडिटयूआरएल' भरला की प्रत्येक पानाखाली ते पान दुरुस्त करण्याची लिंक येते आणि चूक दिसलेला वाचक ती स्वतः सुधारून पाठवू शकतो. साइट चढवण्याआधी बिल्ड चालवावा. तुटलेली अंतर्गत लिंक लिहिताना कळत नाही. बिल्ड मात्र तिथेच अडून बसतो. कटकट वाटली तरी ही तपासणी बंद करू नये.

मग शोधपट्टी. त्यासाठी अल्गोलियाच्या डॉकसर्च या शोधसेवेकडे अर्ज करता येतो, किंवा साइटमध्येच सूची बनवणारं एखादं प्लगइन बसवता येतं. पानं वाढली की शोधाशिवाय साइट म्हणजे नुसता ढिगारा.

आवृत्त्यांचा मोह मात्र टाळा. नवी आवृत्ती काढण्याची कमांड दिली की सगळ्या लेखांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. पुढे एक चूक सुधारायची तर ती प्रत्येक प्रतीत सुधारावी लागते. जुनं सॉफ्टवेअर वापरणारे खरोखरच असतील, तरच या फंदात पडावं.

साइट मराठीतही हवी असेल तर कॉन्फिगमध्ये भाषा जोडून मेनूतले शब्द आणि लेख वेगवेगळे भाषांतरित करता येतात. भाषांतर न झालेलं पान मूळ भाषेत दिसत राहतं. तेव्हा सगळं पूर्ण होण्याची वाट पाहू नका. सर्वाधिक वाचलं जाणारं पान आधी मराठीत आणा.