पुडी एक, पाणी एक लिटर

जुलाब सुरू झाले की घरात ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची पुडी शोधली जाते. ती सापडते, पण चूक त्यापुढे होते. लेकरू पिणार घोटभर, मग लिटरभर पाणी कशाला, असे म्हणून अर्धी पुडी पेल्यात ओतली जाते आणि उरलेली दुमडून डब्यात ठेवली जाते. पेल्यातले पाणी नितळ दिसते. सगळे विरघळलेले असते, म्हणून काही बिघडले असे कोणाला वाटत नाही.

विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. मिठाच्या कणात सोडियम आणि क्लोराइड हे विद्युतभारित आयन एकमेकांना धरून असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनची किंचित धन. त्यामुळे पाण्याचे रेणू एकेका आयनाभोवती गोळा होतात आणि त्याला कणातून सोडवून नेतात. ग्लुकोजचे तसे नाही. त्याचा रेणू फुटत नाही, अख्खाच पाण्यात मिसळतो. शाळेच्या पुस्तकातले द्राव्य, द्रावक आणि द्रावण ते हेच. ढवळल्याने हे काम लवकर होते एवढेच. द्राव्य किती आणि द्रावक किती, हा हिशेब ढवळून बदलत नाही.

सगळी मेख या हिशेबात आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. त्यांच्यामागोमाग पाणीही आत शिरते. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये प्राग येथे मांडली. पटकीच्या रुग्णाचे आतडे पाणी बाहेर टाकत असते, तेव्हाही ही वाट चालू राहते. नुसते पाणी पाजून भागत नाही, ते यामुळे.

त्याचा कस लागला १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. फार उशीर झाला, असेच म्हणावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात एका लिटरला २०.५ ग्रॅम द्राव्य असते: ग्लुकोज १३.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, मीठ २.६ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. त्याची परासारिता २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्तापेक्षा थोडी कमी. रक्ताची साधारण २९० असते. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते, म्हणून ते आतड्यातून रक्तात शिरते. आता लिटरच्या पुडीतली अर्धी पूड २०० मिलिलिटरच्या पेल्यात टाकली, तर हाच आकडा ६०० च्या वर जातो. मग प्रवाह उलटतो, शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. रक्तातले सोडियम वाढले, तर लहान बाळाला झटकेही येऊ शकतात. याउलट पाणी फार झाले, तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत.

पुड्या लहानमोठ्या मिळतात. काही लिटरसाठी, काही २०० मिलिलिटरसाठी. किती पाण्यात घालायची हे पुडीवर छापलेले असते, तेवढेच पाणी मोजून घ्यावे आणि अख्खी पुडी एकदम घालावी. दूध, सरबत किंवा शीतपेयात ती मिसळू नये. वरून साखर घालू नये. पाणी आधी उकळून गार करावे, द्रावण मात्र उकळू नये. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. पुडी नसेल, तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालते. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा काहीच पोटात ठरेना, तर द्रावण पाजत पाजतच दवाखाना गाठावा.