घरापर्यंत आलेला कायदा : भाग ९ – कोण कुठं झोपतं?

कोर्टातल्या साक्षीच्या दिवसाबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते तूर्त राहू दे. मधेच एका मावशींचं पत्र आलं आणि त्यातल्या एका वाक्यानं सगळा बेत मोडला.

पत्र तालुक्याच्या गावाहून आहे. बहिणीच्या घरी पोक्सोची केस झाली. बहिणीचा धाकटा दीर आत आहे, भाची दहा वर्षांची. आठवड्याभरानं बालकल्याण समितीच्या सांगण्यावरून एक कार्यकर्त्या घर बघायला आल्या. चहा नको म्हणाल्या. न्हाणीच्या दाराची कडी आतून लावून पाहिली, पोटमाळ्याची शिडी पाहिली आणि मग वही उघडून विचारलं, ‘रात्री कोण कुठं झोपतं?’ मावशी लिहितात, ‘गुन्हा त्यानं केला, आणि आमच्या अंथरुणांची चौकशी? बहीण दोन दिवस धड जेवली नाही.’

बहिणीला लागलं असणारच. प्रश्न मात्र बिनचूक होता.

पोलीस विचारतात ते झालेल्या गोष्टीबद्दल. समितीसमोरचा प्रश्न आज रात्रीचा असतो. २०२०च्या पोक्सो नियमांतला चौथा नियम याच जागेवर बोट ठेवतो. संशयित एकाच घरात राहणारा असेल तर पोलिसांनी मुलाला २४ तासांत समितीपुढे न्यायचं आणि समितीनं तीन दिवसांत ठरवायचं, की मूल घरी राहू शकतं की काही काळ बाहेर ठेवावं लागेल. ठरवताना काय काय तोलायचं तेही नियमातच आहे : मुलाचं स्वतःचं म्हणणं, आईबापांची किंवा मुलाचा विश्वास असलेल्या दुसऱ्या कुणाची सांभाळायची ऐपत, घरच्यांशी नातं टिकण्याची गरज, घरात आधी मारहाण होती का, आजारपण, अपंगत्व. सविस्तर सामाजिक तपासणी बाल न्याय कायद्याच्या कलम ३६ खाली होते. तिला १५ दिवसांची मुदत. मावशींच्या बहिणीकडे वही घेऊन आलेल्या बाई त्यासाठीच आल्या होत्या.

घरच्यांना हे कुणी समजावून सांगत नाही. त्यांना वाटतं, ही दुसरी पोलीसचौकशी. स्वच्छ घर आणि गोड उत्तरं दिली की सुटलो. मग ‘तसं सगळं नीट आहे आमचं’ हे वाक्य येतं. या वाक्यानं जितकी घरं अडचणीत येतात तितकी पसाऱ्यानं येत नाहीत. पातेली घासलेली आहेत की नाहीत याच्याशी बाईंना काही देणंघेणं नसतं. घरातल्या मोठ्यांना धोका दिसतो का, हे त्या पाहत असतात.

आणखी एक धास्ती असते, मूल उचलून नेतील ही. मुंबईकरांच्या या धास्तीला तर इतिहासही आहे. खोडकर पोराला ‘डोंगरीला टाकीन’ म्हणून दटावतात ना? उमरखाडीचं ते निरीक्षणगृह म्हणजे जुना डोंगरीचा तुरुंग. टिळक-आगरकरांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस काढले ते इथंच. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. मुलांच्या भल्याची व्यवस्था तुरुंगाच्याच भिंतींत थाटली, तर लोकांनी भ्यायचं नाही तर काय करायचं! पण मूल घरातून हलवणं हा समितीपुढचा एक पर्याय झाला. त्याआधी घरात किंवा नात्यात भरवशाचं कुणी आहे का, ते पाहायचं असतं.

मावशींचं काम नेमकं इथं सुरू होतं. बहिणीसोबत बसून एका कागदावर घराचा नकाशा काढावा. रात्रीची अंथरुणं कुठं, दार कोण लावतं, किल्ल्या कुणाकुणाकडे. मग दिवस. शाळा सुटते दीडला, आई कामावरून येते सहाला. मधले साडेचार तास कुणाचे? पत्रात ओझरतं आलंय, ‘तेव्हा सासूबाई असतात.’ याच सासूबाई रोज डबा घेऊन लेकाला भेटायला जातात आणि घरी येऊन ‘पोरीनं उगाच वाढवलं’ म्हणतात. त्यांना खलनायिका ठरवायची गरज नाही; लेक आत असलेली ती आई आहे. पण तो जामिनावर सुटून दारात उभा राहिला, तर कडी काढणारा हात त्यांचा असेल. बाईंनी विचारायची वाट न पाहता हे आपणहून सांगावं. त्यासोबत, दुपारी मुलगी कुणाकडे थांबेल, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर.

‘तिला माझ्याकडेच घेऊन येते’ असंही मावशी म्हणतात. चांगलंच आहे, पण आधी तिला विचारायला हवं. शाळा, मैत्रिणी, स्वतःचं अंथरूण सोडून तिनंच जायचं आणि काका परत येऊन पोटमाळ्यावर, याचा अर्थ दहा वर्षांचं पोर एकच काढतं. त्यानं त्या घरात पाऊल ठेवू नये, ही अट जामिनाच्या वेळी सरकारी वकिलांमार्फत मागता येते. मुलीसाठी स्वतःचा वकीलही देता येतो. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. समितीकडे साहाय्यक व्यक्ती मागावी, कोर्टात तिला सपोर्ट पर्सन म्हणतात. तपासापासून खटल्यापर्यंत सोबत राहणारं ते माणूस आहे. एक पथ्य मावशींनाही : काय झालं ते मुलीला पुन्हापुन्हा विचारायचं नाही, आणि बाईंपुढे काय बोलायचं हे पढवायचं तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात कंसात दडलीय : ‘(भाडं दीर आणि मेहुणे निम्मं निम्मं भरायचे.)’ हा कंस सोडवून ती गोष्ट वहीत जायला हवी. घरभाडं अडलं की ‘केस मागे घ्या’ची कुजबुज सुरू होते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती नियम ८ खाली मदतीची शिफारस करू शकते आणि ती शिफारस पोचल्यापासून आठवड्यात द्यायची असते. भाडं त्यात बसेलच असं नाही. किराणा बसतो, आणि किराण्याचे पैसे सुटले की भाड्याला हातभार लागतो.

मावशींनी शेवटी विचारलंय, बाई पुन्हा आल्या तर चहा विचारावा का. खुशाल विचारावा. नको म्हणतील.

साक्षीचं पुढच्या आठवड्यात. टपाल मधे आलं नाही तर.