वलगणीची शिंगटी

पहिला दणक्या पाऊस झाला, की कर्जत-खालापूरकडे बाजारात कातकरी बायका वाटे मांडून बसतात. वीतभर, करड्या, मिशाळ शिंगट्या, पोटं टम्म. "गाबोळी भरलीय, ताई," म्हटलं की आपला हात पिशवीकडे जातोच. पण मैत्रिणींनो, ही शिंगटी आपल्या पिशवीत येण्याआधी कुठे निघाली होती, ते तरी ऐका!

शिंगटीला खवले नसतात. मिशांच्या चार जोड्या असतात आणि त्या मिशांनाच चव कळते. दिवसभर दगडाच्या कपारीत दडायचं नि रात्री चाचपडत किडे, अळ्या, झिंगे टिपायचे, असा तिचा संसार. उल्हास नि पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण घाटावरच्या धरणांचं पाणी टाटांच्या वीजघरांतून खाली सुटतं. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२चं. म्हणून मे महिना निभावतो.

पाऊस लागला, की शिंगटी उलट्या प्रवाहानं ओढ्यात, तिथून भातखाचरांत चढते. हीच वलगण. उथळ पाण्यात गवताला चिकटणारी अंडी घालायची. साधारण एका दिवसात पिल्लं बाहेर. बाळंतपणाला माहेरी निघालेली लेकच म्हणा ना! आणि नेमकं त्या वाटेवरच जाळं. समुद्रात १ जूनपासून यांत्रिक होड्यांना बंदी, ती माशांना विणीची सवड मिळावी म्हणून. इथे विणीची वेळ तीच पकडीची वेळ.

घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. त्या बाईचं घर त्यावर चालतं. मी मात्र सडपातळ पोटाच्या निवडते. त्यात बहुतेक नर असतात. पाटीतली मेलेली मादी त्यानं जिवंत होत नाही, हे खरं. पण गाबोळीला जादा पैसे आपणच मोजतो, म्हणून तर माद्यांना मागणी! (श्रावण पाळणाऱ्या घरांनी मात्र नकळत माशांवर उपकारच केलेत.)

साफ करताना आधी पाठीवरचा नि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा कात्रीनं कापा. काटा दातेरी असतो, बोटात शिरला की ठणका लागतो. लांबुडकी काळपट शिंगी वेगळी, तिचा काटा तर विषारीच. लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा. उष्णतेनं विषाचा जोर ओसरतो. काट्याचा तुकडा आत राहिला किंवा सूज चढली, तर हळद लावून बसू नका, डॉक्टरांकडे जा.