उचलण्यापूर्वी पाहावे, देण्यापूर्वी बोलावे

31 जानेवारी 2021 या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अखत्यारीतील कापसी-कोपरी या गावी पल्स पोलिओची मोहीम सुरू होती. पाच वर्षांखालील 12 बालकांना त्या दिवशी लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मळमळ, उलट्या असा त्रास सुरू झाल्यावर त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. सर्व बालके सुखरूप राहिली, ही समाधानाची बाब. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, देशभर बातम्या झळकल्या आणि काही दिवसांत विषय मागे पडला.

तो विषय इतक्या लवकर मागे पडू नये. कारवाईने दोषी कोण हे ठरते. परंतु तीच चूक उद्या दुसऱ्या गावी का घडणार नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्या दिवसांची परिस्थिती आठवावी. 16 जानेवारीला कोरोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले होते आणि त्यासाठी 17 जानेवारीची पोलिओ मोहीम पुढे ढकलून 31 तारखेला ठेवण्यात आली होती. आरोग्य सेवक दहा महिने अखंड राबत होते. प्रत्येक बूथवर लसीच्या शेजारी सॅनिटायझरची बाटली आता अनिवार्य झाली होती. कामाचा ताण, नवी वस्तू आणि सवयीने चालणारा हात ही तीन कारणे एकत्र आली की प्रामाणिक माणसाकडूनही गंभीर चूक घडू शकते. अशा वेळी “ही कोणती बाटली आहे?” एवढा एक प्रश्न सहकाऱ्याने मोठ्याने विचारला, तरी हात थांबतो.

उटी गावाचे नाते

घाईच्या कामात सहकाऱ्यांनी एकमेकांशी बोलावे कसे, या प्रश्नावर जगभर गाजलेले एक काम याच जिल्ह्याशी नाते सांगते. उमरखेड तालुक्यातील उटी हे डॉ. आत्माराम गावंडे यांचे मूळ गाव. शेतकरी कुटुंबातून शिकून ते अमेरिकेत शल्यचिकित्सक झाले आणि आपल्या मातोश्रींच्या नावाने त्यांनी उमरखेड येथे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय उभे केले. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गावंडे हे बोस्टन येथील शल्यचिकित्सक आणि ख्यातनाम लेखक.

शस्त्रक्रियेतील टाळता येण्याजोगे मृत्यू कमी करण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे सोपवले. 2008 मध्ये या गटाने एका पानाची 19 मुद्द्यांची तपासणी यादी सादर केली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा सर्वांनी थांबायचे. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, ॲलर्जी आहे काय, शेवटी सुया व कापसाचे बोळे मोजून जुळले काय, हे सारे मोठ्याने उच्चारायचे. त्यात एक साधा वाटणारा मुद्दाही आहे: उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. प्रारंभीच एकदा बोललेली परिचारिका पुढे काही चुकत असल्यास बोलण्यास कचरत नाही, हा त्यामागील विचार.

नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या यादीची परीक्षा झाली. जानेवारी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आणि मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. एक कागद आणि काही क्षणांचा विराम.

मात्र याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. कॅनडातील आँटारिओ प्रांतात ही यादी 101 रुग्णालयांत लागू झाली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे मृत्यूदरात लक्षणीय घट आढळली नाही. वरून आदेश आला म्हणून कागदावर खुणा करणे सोपे असते. थांबणे, बोलणे आणि कनिष्ठाचे ऐकून घेणे कठीण असते. सह्या पूर्ण आहेत म्हणजे तपासणी झाली, असे समजणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा अनुभव ध्यानात ठेवावा.

जोडउत्पादनांची मदत आणि मर्यादा

माणसाच्या स्मृतीवरील भार वस्तूच्या रचनेतच कमी करावा, हा दुसरा मार्ग. पोलिओच्या कुपीवर एक छोटी खूण असते: वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. तो वर्तुळाइतका गडद झाला की ती लस वापरायची नाही. शीतपेटी वाटेत किती तापली, हे आरोग्य सेविकेला कोणी सांगावे लागत नाही, कुपीच सांगते.

पंचगुणी लसीचेही तसेच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूचा संसर्ग या पाचांपासून संरक्षण देणारी ही लस भारतात डिसेंबर 2011 मध्ये केरळ व तामिळनाडूपासून सुरू झाली. सुया कमी, नोंदी कमी, म्हणून चुकीच्या जागाही कमी. क्षयरोगाच्या उपचारातही अनेक औषधे एकाच गोळीत देणारी दैनंदिन पद्धत 2017 मध्ये देशभर आली.

औषध आणि उपकरण एकत्र असलेली उत्पादनेही आता घराघरांत आहेत: इन्सुलिनचे पेन, दम्याचा इनहेलर, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवला जाणारा औषधवेष्टित स्टेंट. अशा स्टेंटमध्ये धातू, त्यावरील लेप, औषध आणि रुग्णाची रक्तवाहिनी या चारही गोष्टींचा मेळ बसावा लागतो. धातुतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ आपापल्या दालनांत राहिले, तर असे उत्पादन आकारास येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा उत्पादनांसाठी 2002 मध्ये स्वतंत्र कार्यालय काढले. कारण औषध तपासणारे आणि उपकरण तपासणारे यांनाही एकत्र बसवणे आवश्यक झाले होते.

परंतु जोडले की सुधारलेच, असे नव्हे. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने 328 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांतील घटक एकत्र देण्याला वैद्यकीय आधार नाही, असे तज्ज्ञ समितीचे मत होते.

दुकानाच्या काउंटरवर

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषध व्यवसायात आहेत. सायंकाळी डॉक्टरांचे दवाखाने सुटले की मेडिकल स्टोअरवर झुंबड उडते. एखादा ग्राहक सर्दीची मिश्र गोळी घेतो आणि तापासाठी वेगळी पॅरासिटामॉलही मागतो. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. प्रौढाने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडल्यास यकृताला इजा होऊ शकते. दोन्ही पाकिटे योग्य, दर योग्य, बिल अचूक. तरीही ग्राहकाची हानी होऊ शकते. ती टाळण्यासाठी एक वाक्य पुरते: “या दोन्हींत तेच औषध आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र घेऊ नका.”

हे वाक्य गर्दीत आठवेलच असे नाही. म्हणून ते दुकानाच्या रीतीत बसवावे. औषध काढणाऱ्याने नाव, मात्रा आणि मुदत मोठ्याने वाचावी. दुसऱ्याने चिठ्ठीवर पाहून होकार द्यावा. पाळी बदलताना अपुरे राहिलेले काम तोंडी सांगावे आणि वहीत लिहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नव्याने लागलेल्या मुलाने “शेठ, जरा थांबा” म्हटले, तर त्याला गप्प करू नये. त्याची शंका दहा वेळा निराधार ठरेल. अकराव्या वेळी तीच एखाद्याचा जीव वाचवील.

व्यापारी घरांना ही शिस्त परकी नाही. पेढीवर दिवसाअखेरीस रोकड मिळवल्याशिवाय दिवा मालवत नसत. बँकेच्या तिजोरीच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यात कोणावर अविश्वास नसतो. एका माणसाच्या थकव्यावर ठेवीदारांची पुंजी अवलंबून राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. पैशासाठी जी काळजी आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतली, ती प्राणांसाठी घेणे अधिकच उचित.

जैन आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांपैकी भाषासमिती म्हणजे हितकर, मोजके आणि असंदिग्ध बोलणे. आदाननिक्षेपणसमिती म्हणजे कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहून, जपून वागणे. साधूंसाठी हे व्रताचे अंग आहे; गृहस्थाने आपल्या व्यवसायात ते शक्य तितके उतरवावे. सूक्ष्म जीवालाही इजा होऊ नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी बाटलीवरचे नाव वाचूनच ती पुढे करावी, आणि वाचताना शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचावे.