पऱ्हाटी, पाचट आणि कांडी कोळसा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भातल्या शेतांतून पऱ्हाटी उपटण्याचे काम सुरू होते. तिचे भारे डोक्यावर घेऊन बाया संध्याकाळी गावाकडे परततात आणि घराच्या बाजूला ढीग रचतात. पुढे पावसाळाभर चूल पेटते ती याच ढिगावर. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांची पऱ्हाटी घरची असते. ज्यांच्याकडे नाही, त्या मजूर कुटुंबांना ती उपटण्याच्या मोबदल्यात किंवा शेतमालकाच्या 'घेऊन जा' या दोन शब्दांवर मिळते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरचा स्वयंपाक एके काळी या दोन शब्दांवरच शिजला आहे. म्हणून शेतातील टाकाऊ मालापासून इंधनाच्या कांड्या तयार करण्याविषयी सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थी मित्रांना चार गोष्टी सांगताना आम्ही पऱ्हाटीपासून सुरुवात करीत आहोत. एखाद्या मालाला टाकाऊ म्हणण्यापूर्वी तो कोणी टाकला आणि कोणी उचलला हे पाहावे लागते.

पऱ्हाटी, तुराट्या, शेंगांची टरफले, धानाचे तूस, उसाचे पाचट हा सगळा माल जळतो. पण त्याची अडचण अशी की तो जागा फार खातो. एक घनमीटर मोकळ्या भुशाचे वजन शंभर-दोनशे किलोच्या आसपास भरते. ट्रक भरलेला दिसतो आणि काट्यावर वजन काहीच येत नाही. हाच भुसा यंत्रात दाबून त्याची कांडी केली, तर कांडीची घनता पाण्याच्या घनतेइतकी किंवा थोडी जास्तच होते. म्हणजे इंधन तेच राहते, पण ते साठवता येते, वाहून नेता येते आणि बॉयलरमध्ये एकसारखे टाकता येते. बाजारात या दाबलेल्या कांड्यांना 'व्हाइट कोल' म्हणतात. त्यात कोळसा नावालाही नसतो.

विद्यार्थ्यांना येथे एक प्रश्न पडेल: डिंक नाही, खळ नाही, मग भुसा चिकटतो कशाने? वनस्पतीच्या काष्ठात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. दाब आणि घर्षणाची उष्णता मिळाली की तो मऊ पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होऊन भुशाचे कण धरून ठेवतो. मात्र मालात ओल दहा टक्क्यांच्या आसपासच हवी. जास्त असली तर आतल्या आत वाफ होते आणि कांडी तडकते. धानाच्या तुसाची आणखी एक तऱ्हा आहे. त्याची सुमारे वीस टक्के राख होते आणि त्या राखेत जवळजवळ सगळी सिलिका, म्हणजे वाळूचाच प्रकार. त्यामुळे यंत्राचे भाग लवकर झिजतात. भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमध्ये तूस ढिगाने पडलेले पाहून कोणी यंत्र घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने ही झीज आधी हिशेबात धरावी.

हा दाबयंत्राचा धंदा भांडवलाचा आहे. थ्री-फेज वीज, माल बारीक करण्याचे यंत्र, वाळवायला मोठे आवार आणि वर्षभर पुरेल इतका माल साठवण्याची ऐपत लागते. कांड्या घेणारे गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यांचे बॉयलर. २०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांना दगडी कोळशासोबत शेतमालाच्या गोळ्या-कांड्या काही प्रमाणात जाळण्याचे धोरण घालून दिले, तेव्हापासून या मालाला आणखी एक मोठे गिऱ्हाईक मिळाले. शेतकऱ्याच्या दृष्टीनेही पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर जाणे चांगलेच. शेतात राहिलेल्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते. २०१७ च्या हंगामात या अळीने यवतमाळ व आसपासच्या जिल्ह्यांत काय केले, ते सांगायला नको.

दुसरा प्रकार म्हणजे कांडी कोळसा. यात माल आधी हवेवाचून भाजून त्याचा कोळसा करतात आणि त्या भुकटीत खळ मिसळून कांड्या वळतात. पुण्याच्या 'आरती' (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटासाठी अशी भट्टी तयार केली. पाचट भरलेली बंद पिंपे मोठ्या भट्टीत ठेवायची, बाहेरून थोडे पाचट जाळून ती तापवायची. मग पिंपातून जो वायू निघतो तोच पेटतो आणि पुढचे काम स्वतःच करतो. या कामाबद्दल संस्थेला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये शंभर ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो.

ही माहिती वाचून आम्हीही एका उन्हाळ्यात प्रयोग केला. भट्टी परवडणारी नव्हती, म्हणून दोनशे लिटरचा जुना लोखंडी ड्रम घेतला. (कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम कधीही घेऊ नये.) बुडाला भोके पाडून तो तीन दगडांवर ठेवला आणि गावालगतच्या बागायतदाराचे पाचट थोडे थोडे टाकत जाळले. पांढरा दाट धूर विरळ झाला की झाकण लावून सगळ्या फटी चिखलाने लिंपायच्या, असा क्रम. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एका उत्साही मुलाने दोनच तासांत झाकण उघडले. आत निखारा होता, हवा मिळताच सगळ्याची राख झाली. रात्रभर ड्रम थंड होऊ द्यावा लागतो, हे त्या दिवशी आम्हाला पक्के समजले. दुसऱ्या खेपेला कोळसा साधला, पण दहा किलो पाचटामागे दोन किलोही हाती आला नाही. 'आरती'सारख्या बंद पिंपात प्रमाण याहून चांगले पडते.

खळीसाठी गिरणीच्या झाडणीचे पीठ घेतले. दहा किलो भुकटीला एक किलो पीठ, पाण्यात शिजवून. पहिला घाणा आम्ही अर्ध्या किलोवर भागवला, तर वाळताना सगळे गोळे फुटले. माती मिसळली तर गोळा घट्ट होतो, पण राख वाढते आणि आच कमी होते. गोळे चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवले. आमच्या वस्तीतल्या एका आजीबाईंनी ते चुलीत घालून पाहिले आणि 'हे पेटतच नाही' म्हणून परत केले. दोष त्यांचा नव्हता. कांडी कोळशाला खालून हवा लागते, म्हणून तो जाळीच्या शेगडीतच चालतो. शेगडीवर डाळ-भात उत्तम शिजला, धूर जवळजवळ नाही. भाकरी मात्र जाळावरच्यासारखी फुगली नाही, हेही सांगितले पाहिजे.

धूर नाही म्हणून कोणी ही शेगडी दार-खिडक्या लावून खोलीत पेटवू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि थंडीच्या रात्री बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे त्याने मरतात.

आता हिशेब. शंभर किलो सुक्या पऱ्हाटीचा चांगल्या भट्टीत पंचवीस किलोच्या आसपास कोळसा होतो. कोळशाची उष्णता किलोमागे जास्त असली, तरी मूळ पऱ्हाटीतली निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच निघून गेलेली असते. म्हणून जी पऱ्हाटी चुलीत सरळ जळते तिचा कोळसा करणे आम्हाला पटत नाही. कोळसा करावा तो पाचटासारख्या मालाचा. ते भुर्रकन जळून जाते, गुरे ते आवडीने खात नाहीत आणि शेतकरी ते फडातच पेटवून देतो. सोयाबीनचे कुटार गुरांच्या पोटात जाते, त्याला हात लावू नये.

राहिली पऱ्हाटी. कारखान्याची गाडी गावात येऊन क्विंटलचा भाव सांगू लागली, की 'घेऊन जा' हे शब्द ऐकू येईनासे होतात. शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर त्याला आम्ही दोष देत नाही. पण ज्या घरी सिलिंडर २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून आला आणि भरायला पैसे नाहीत म्हणून कोपऱ्यात उभा आहे, त्या घरची चूल त्या दिवशी कशावर पेटायची? ज्या गावांत आपल्या सभासदांचा बचत गट आहे, तेथे त्याने पऱ्हाटी गोळा करून कारखान्याला पुरवण्याचे काम स्वतः घ्यावे, असे आम्ही सुचवतो. उपटणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी पावसाळ्यापुरते भारे आधी पोचवावेत आणि उरलेले काट्यावर घालावेत. किती भारे ठेवायचे ते उपटणी सुरू होण्याआधीच, शेतकऱ्यासमोर आणि गाडीवाल्यासमोर, वहीत लिहून घ्यावे.