मालिश हवी, रगडणे नको

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाल्यावर छाती, काख, खांदा आखडतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधेही धरतात. हलक्या मालिशने अनेकींना आराम पडतो. मालिशने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. गाठीवर मात्र दाब देऊ नये. बाळंतिणीला रगडणाऱ्या मावशींचा जोरकस हात इथे कामाचा नाही. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला कायम सुजेचा धोका असतो. ही सूज उतरवण्याची मालिश वेगळीच. तिच्यात त्वचा फक्त अलगद सरकवतात, आणि ती प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावी.

ओली जखम, रेडिएशनने भाजलेली त्वचा, केमो पोर्टची जागा टाळावी. आजार हाडांत पसरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. हात अचानक सुजला, लाल किंवा गरम झाला, तर मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालणाऱ्यांसाठी: लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताने कडीला लटकू नका.